नळीतला दिवा

त्या दिवशीही हवा अशीच होती, ताई — ऊन नाही, पाऊस नाही, आभाळ राखेच्या रंगाचं, आणि हवेत असा ओलावा की भिंतीला टेकावं तर पाठ ओली व्हावी. अशा हवेत कातडं फुगतं. म्हणून तर तुम्ही आलात तेव्हा मी म्हटलं ना, की सूर फुसफुसतोय तो हवेमुळे असेल, काळजी करू नका — आता मात्र तसं म्हणवत नाही. बसा. स्टूल डुगडुगत नाही हो, फरशीच वाकडी आहे. तेवढी खिडकी लावून घ्या, पुन्हा एकदा बघू, याला अंधार लागतो. हां. हा बघा एवढासा दिवा, वायरीला बांधलेला — सॅक्सोफोनच्या नळीत सोडायचा, हळूहळू, विहिरीत पोहरा सोडतात तसा. प्रत्येक चावीखाली कातड्याची गोल गादी असते. ती भोकावर घट्ट बसली नाही की कडेने वारा जातो आणि सूर फुसफुसतो. आणि जिथून वारा जातो तिथून उजेड बाहेर येतो, केसाएवढी फट असली तरी. एवढंच माझं शास्त्र. शाळेच्या बाकावरून दुसरीत उठलो तो परत बसलो नाही. माझे डोळे म्हातारे झालेत, तुम्ही बघा — दिसतो कुठे उजेड? नाही ना? मलाही नाही.

घाई आहे का तुम्हाला? नसेल तर एक सांगतो. म्हणजे सांगायचं असं काही नाही त्यात — पण सांगतो.

माझा मुलगा हेच वाजवायचा. एकुलता एक. ती कपाटावरची काळी पेटी त्याचीच. मी जन्मभर लोकांची वाद्यं नीट केली, पण वाजताना ऐकायला म्हणून कधी गेलो नाही. झालं काम की दोन सूर फुंकून बघायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, इतकाच माझा संबंध. बारा वर्षं तो म्हणत होता, बाबा, एकदा या. मी म्हणायचो, येतो रे. रात्रीचं जागरण नको, गुडघे दुखतात, सबबींना काय तोटा? पण त्या रविवारी त्याच्या जॅझचा कार्यक्रम दुपारी होता, तेव्हा सबबच उरली नाही. सोबतीला शेजारचा शिंपी घेतला. त्याचं दुकान माझ्या भिंतीला भिंत लावून, चाळीस वर्षांची ओळख, आणि पोराचा वाजवायला जायचा कोट त्यानेच शिवलेला. क्लब तळघरात. पायऱ्या उतरता उतरता शिंपी म्हणतो, "मिस्त्री, गाणं ऐकायला आणलंत की खाणीत कामाला?" खाली लहान लहान टेबलं, अंधूक दिवे, लोक खातायत, पितायत, हळू आवाजात हसतायत — आणि आम्ही दोघं कोपऱ्यात, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे.

पोराच्या बरोबर तिघं होते. एक पियानोवाला, एक ढोलांच्या आणि झांजांच्या ढिगाऱ्यामागे लपलेला, आणि एक माणसाएवढं वाद्य कवेत धरून उभा — एखाद्या दमलेल्या म्हाताऱ्याला सावरावं तसा. आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवली, मग एकेक जण सुटला. एकाने मनाला येईल तिकडे जायचं आणि बाकीच्यांनी त्याची वाट धरून ठेवायची, असं काहीतरी. ज्याची पाळी नसेल तो नुसता जमिनीकडे बघत ऐकतो — मला आवडलं ते, फार आवडलं. पियानोवाल्याची पाळी संपली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं आटोपलं, मी काठी घेऊन उठलो! शिंप्याने सदरा ओढून खाली बसवलं — "बसा हो, पाळी बदललीय, दुकान नाही बंद झालं." आता शिंपी माणूस, त्याला जिकडेतिकडे कोटच दिसणार. पियानोवाल्याची बाही आखूड आहे, झांजवाल्याचा खिसा वाकडा बसलाय, चाललं होतं आपलं. पोराकडे बघून मात्र गप्प झाला.

मग पोरगा पुढे आला. माईकपाशी थांबला जरा, आणि म्हणाला, हे गाणं माझ्या वडिलांसाठी आहे, या वाद्याची प्रत्येक गादी त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलीय. लोक माना वळवून बघायला लागले. मी कुठे बघू? मी टेबलाकडे बघत राहिलो. संथ होतं गाणं, खाली खाली उतरत जाणारं. आणि तेव्हा मला ऐकू आलं. फुस्स. अगदी बारीक, खालच्या सुरावर. तुम्हाला वाटेल हा म्हातारा वेडा आहे — चारशे माणसं बोलत असली तरी गळकी गादी मला ऐकू येते, ताई, आई जशी झोपेत पोराचं कण्हणं ऐकते ना, तसं. पुन्हा खाली गेला, पुन्हा फुस्स. मग संपलंच. पुढचं गाणं मला ऐकूच आलं नाही. मी त्याच्या बोटांकडे बघत बसलो — कुठली चावी, कुठली गादी, गादी चिकटवायची लाख कमी पडली की कातडं वाळलं, ती बसवताना हात हलला का माझा? शरमेने मेलो हो मी. एवढ्या लोकांत माझं नाव घेतलं, आणि माझीच गादी गळतेय!

संपल्यावर तो आमच्या टेबलाशी आला. कपाळ पुसत होता. खुर्चीवर बसला आणि दम खात नुसता हसत होता. मग म्हणाला, "बाबा, कसं वाटलं?" आणि मी — बारा वर्षं बोलावल्यावर गेलेला मी — मी काय म्हणालो? "खालची गादी गळतेय. उद्या घेऊन ये." बघितलं त्याने माझ्याकडे. मग म्हणाला, "आणतो, बाबा."

आणलं नाही. मी कातडं कापून ठेवलं, लाख काढून ठेवली. दोनदा फोनवर रागावलो — वाद्याची अशी हेळसांड करतात का? तिसऱ्या महिन्यात तो इस्पितळात होता. छातीत कधीपासूनच धरलं होतं म्हणाले. दोन महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असंही म्हणाले — कशाला म्हणतात डॉक्टर लोक असं? महिन्याभरात सगळं आटोपलं. पेटी घरी आली. आठ दिवस मी हात लावला नाही. नवव्या दिवशी खिडकी लावली, पेटी उघडली, दिवा सोडला. वरून खालपर्यंत काळोख. पुन्हा सोडला. एक किरण नाही, ताई. सगळ्या गाद्या, तान्ह्या पोराच्या मुठीसारख्या घट्ट. मग वारा कुठून जात होता?

घ्या, पाणी घ्या. सावकाश. हा खोकला कधीपासून? नाही, जिन्यामुळे नाही तो — माझ्या दुकानाला तीनच पायऱ्या आहेत. तुम्ही आल्यापासून बघतोय, एक वाक्य तुम्ही एका दमात संपवलेलं नाही. महिना झाला खालचा सूर फुसफुसतोय म्हणालात. तुमच्या वाद्याला काही झालेलं नाही. घरी आहे का कोणी ऐकणारं? बरं, नसू दे. कोपऱ्यावरून डावीकडे वळलं की दवाखाना आहे, अजून उघडा असेल. वाद्य इथेच राहील. डॉक्टरांचा कागद आणून दाखवा, मगच देईन — मला वाचता येत नाही, तरी दाखवा. रागवा हवं तर. माझ्यावर रागवायला आता तसं कोणी उरलेलं नाही.

उघडू नका हो ती पर्स, पैसे कशाचे? दिवाच तर सोडला. जा तुम्ही. उठा.

आणि मला कळलं नव्हतं असं समजू नका. लोकांना मी तेच सांगतो — अडाणी माणूस, मला काय कळणार? लोकही मान हलवतात. खोटं आहे ते. मला सांगितलं होतं. तिथेच, गाणं चालू असताना, आणि मीच म्हटलं, गप्प बसा हो, मला गादी ऐकू द्या. शिंपी माझ्या कानाशी वाकून म्हणाला होता, "मिस्त्री, तो कोट मी मापाने शिवलाय. कोट ढिला नाही झाला, पोरगा आटलाय. गादीचं सोडा — त्याला ऐका."