मागच्या खोलीतले साहेब

तनया : ‘रणजीतजी, आप बैठे रहिए, आराम से खाना खाइए.’ बाबा, तुमचा तो जुना आवाज सकाळपासून कानात घुमतोय माझ्या.

वसंतराव : अगं, ते कधीचं! बाहुली काखेत घेऊन ट्रकच्या पायरीवर बसली होतीस तू. विमा कंपनीनं साताऱ्याहून जयपूरला धाडलं, आणि क्वार्टरमध्ये बघतो तर आधीचे साहेब, हे रणजीतजी, ताटावर. उठायचं नाव नाही!

मधुमती : आणि माझा पाटा-वरवंटा, पिठाचे डबे, सगळं बाहेर उन्हात.

तनया : मग तुम्ही भांडलात?

वसंतराव : छे! पलंगासकट त्यांना मागच्या खोलीत हलवलं, दारावर आपली पाटी लावली, पुढं संसार मांडला. ते गेले सावकाश. बदलीवाल्यांची रीतच ती. पण आज हे मध्येच कुठून आलं?

तनया : कारण विंडोजमध्येही रणजीतजी बसलेत!

मधुमती : अहो, हिला ऊन लागलंय वाटतं. ताक आणू का गं?

तनया : आई, ऐक ना. मी लिहिलेलं ते ‘गाठोडं’ काय करतं? प्रोग्रामचं नाव सांगा, त्याला लागणाऱ्या सगळ्या बारीकसारीक सामानासकट ते आणून कंप्यूटरवर बसवतं. लिनक्सवर चालतं, मॅकवर चालतं. विंडोजवर मात्र स्वतःची नवी आवृत्ती बसवताना अडतं. मतलब, जी फाइल चालू आहे, ती विंडोज पुसूच देत नाही.

वसंतराव : म्हणजे साहेब ताटावरून उठत नाहीत.

तनया : तेच तर! आणि मी इतके दिवस त्यांना बाहेर ढकलत होते. पुसू देत नाही, पण नाव बदलून बाजूला सरकवू देतं! म्हणून जुनी फाइल मागच्या खोलीत, नवी तिच्या जागेवर. पुढच्या वेळी गाठोडं उघडलं की मागची खोली झाडून घ्यायची.

वसंतराव : आणि हे खरंच चालेल?

तनया : आत्ता कळेल. इथून जवळच्या चौमूं गावच्या कॉलेजातले नीरज सर लॅबमध्ये बसलेत. तिथं सगळी यंत्रं विंडोजची. चाललं तर ते गाठोडं घेणार, आणि वर्षभर ते घरूनच सांभाळायचं काम मला. नाही तर सोमवारी पुण्याच्या नोकरीला हो म्हणून टाकते.

मधुमती : तुझ्या बाबांना तर तेच हवंय. उठता-बसता ‘पुण्याला जा, पुण्याला जा’.

वसंतराव : मोठी कंपनी आहे. तिच्या भल्याचंच सांगतो मी.

(फोन वाजतो.)

तनया : हां, नीरज सर, चलाया? ... क्या? रुक गया? ... नहीं नहीं, बंद मत कीजिए. गाठोडं की कोई दूसरी खिड़की खुली है क्या? ... वही! वो बंद करके एक बार और.

मधुमती : काय झालं गं?

तनया : आई, श्श. ... नया वाला आ गया? अब दोबारा खोलिए. ... पुराना साफ़? ... सब मशीनों पर? सर, सब पर? ... आई! बाबा! चाललं! लॅबभर चाललं! सर म्हणतात, पोरं बाकं बडवतायत!

मधुमती : अगं बाई! अगं माझ्या सोन्या! इकडे ये, दृष्ट काढते.

तनया : आधी ओवी. तू भाजी निवडताना रचतेस तशी. आत्ताच्या आत्ता!

मधुमती : काय तरीच! ... बरं, घे.

लेकीचं गं गाठोडं, निघे तीन गावांतून
वेस तिसऱ्या गावाची, तिनं घेतली उघडून.

तनया : आई, हे मी गाठोड्याच्या पहिल्या पानावर टाकणार! लिनक्सवाले, मॅकवाले, विंडोजवाले, सगळे वाचतील.

मधुमती : विंडोजवाल्यांना म्हणावं, वेस तुमची होती.

तनया : बाबा, पुणं राहिलं म्हणून वाईट वाटलं?

वसंतराव : वाईट?

मधुमती : अहो, बोला की. पोरगी एवढी नाचतेय.

वसंतराव : तुला पुण्याला जा म्हणायचो ना, आणि मग गच्चीवर जाऊन उभा राहायचो.

तनया : का?

वसंतराव : तू हो म्हणशील, याचीच भीती वाटायची गं.