जारातला गाळ कोनी मोजला

माझं नाव कडुबाई. माझ्या आधीची दोन लेकरं मायच्या हातून गेली, मंग ही तरी जगावी म्हनून कडू नाव ठेवलं, आन जगले बघा, पन्नाशी वलांडली. आमी मेंढरावाले, सिल्लोडच्या पल्याडचे, बाप आठ म्हैने मेंढरं घेऊन फिरायचा आन आमी त्याच्या मागं. शाळा तिसरीपस्तोर, पन सही येते मला, अंगठा नाय लावत मी. बापानं एक गोष्ट शिकवली व्हती, बाजारात मेंढरू घेताना लोकर पाहून भुलायचं नाय, लोकर सगळ्याचीच फुगलेली दिसती, लोकरीत हात घालून पाठीचं हाड दाबायचं, मांस हाय का नुसता सांगाडा हाय ते हाताला कळतं. तेवढंच शिक्षन माझं, पन पक्कं.

लग्न होऊन वाळूजकडं आले. सासऱ्याची मेंढरं जिथं चरायची तिथं कंपन्या झाल्या, मंग मेंढरं इकली आन आमी दोघं कंपनीत लागलो, नवरा गेटवर वॉचमन, मी ईटीपीवर. ईटीपी म्हन्जे काय ते सांगते ताई, तुमाला मालूम नसंल. गाड्यांचे पार्ट रंगवायची कंपनी हाय, ते पार्ट धुवून जे घान पानी निघतं ते आमच्याकडं येतं, काळं, तेलकट, वास असा की पह्यला म्हैना मला जेवन जात नव्हतं. त्या पान्यात औषध टाकायचं, मंग घान गोळा होऊन खाली बसती, वरचं पानी पुढं जातं आन खालचा गाळ बेडवर, म्हन्जे वाळूच्या उथळ हौदात, वाळवायचा. वाळला की फावड्यानं खरडायचा, पोत्यात भरायचा, पोती शेडमधी रचायची, आन मंग ती न्यायला गाडी येते. खरडायचं, भरायचं, रचायचं काम माझं. अकरा वर्षं. ठेकेदाराकडून हाय मी, कंपनीची नाय, पन अकरा वर्षांत एकबी बेड येळेवर खाली झाला नाय असं कधी झालं नाय, इचारा शफीकभाईला. शफीकभाई म्हन्जे पंप आन औषध पाहनारा आपरेटर, आमच्याच सिल्लोडचा, नमाजी मानूस, खोटं बोलनार नाय.

तर आमच्याकडं पह्यल्यापासून पिवळी पावडर यायची, तेच औषध. मंग नवे साहेब आले, पोरगेलेच, चष्मा लावलेले, बोलायला लई गोड, मला मावशी म्हनायचे. त्यांना वरून हुकूम आला की खर्च कमी करा. केलाच पाह्यजे, मी कुठं नाय म्हनते, घरातबी करतोच की आपन. पन कसा केला ते ऐका. एक इकनारा आला हिराकशीचं पोतं घेऊन, हिरवे हिरवे खडे, याच्यासंगं चुना टाका म्हने, तुमच्या पावडरीच्या निम्म्या भावात पडतंय. साहेबानं जार टेस्ट लावली. काचेचे सहा जार, सगळ्यात तेच घान पानी, कोनात पावडर, कोनात हिराकस, माप कमी-जास्त, ढवळलं आन थांबले. पाच जन काचेला डोळे लावून उभे, आन वरचं पानी निवळलं तसे खूश, दोन्हीकडचं सारखंच साफ हाय की, मंग महागाचं कामून घ्यायचं. फोटो काढले आन गेले चहाला. जाता जाता साहेब मला म्हनले, मावशी, जार धुवून ठेवा.

आता धुनार कोन, मीच. तवा म्या पाह्यलं ना ताई. पावडरीच्या जारात बुडाला दीड बोट गाळ, हिराकशीच्या जारात चार बोटं. काडी घालून पाह्यली, वरवरचा नाय, घट्ट बसलेला. म्हनलं यांनी तर लोकर पाहून मेंढरू घेतलं. तशीच ओल्या हातानं साहेबाकडं गेले, म्हनलं साहेब, वरचं पानी तुमी पाह्यलं, खालचं कोनी पाह्यलंच नाय, हा गाळ दुपटीच्या वर येनार, तो वाळवायला एवढे बेड कुठंत आपल्याकडं, आन त्याची गाडी काय फुकट येते का? साहेब हसले. म्हनले मावशी, याचं सगळं कॅल्क्युलेशन असतं, तुमी नका दिमाग लावू. दिमाग लावू नका! जन्मभर फावडं मारनाऱ्या बाईला दिमाग नसतो ना, तो खुर्चीवर बसनाऱ्यालाच वाटून दिलेला असतो. अहो, स्वस्तातली डाळ आनून टाकायची, खडे निवडायला बाई बसवायची, आन मंग म्हनायचं डाळ लई स्वस्त पडली. निवडनारीचा जीव कोनी हिसाबात धरतच नाय.

हिराकस आली. चुन्याची पोती आली. पंधरा दिवसांत चारी बेड भरले, एक वाळायच्या आत शफीकभाईला त्याच्यावर दुसरा गाळ सोडावा लागायचा, ओला गाळ फावड्याला चिकटायचा, उचलंना, चुन्यानं हाताची सालं निघाली, शेडमधी जागा नाय म्हनून पोती बाहेर रचली. मी जेवायची सुट्टी सोडली, शिफ्ट सुटल्यावरबी थांबायला लागले, तरी बेड खाली होईना. आन एक दिवस ठेकेदार आला, बेडकडं पाह्यलं, पोत्यांकडं पाह्यलं, आन चारचौघांत मला म्हनला, कडुबाई, तू कामचोर झाली.

काय सांगू तुमाला. कामचोर. नवऱ्यानं कधी म्हनलं नाय, सासूनं म्हनलं नाय, आन सासू कशी व्हती ते सगळ्या गावाला मालूम हाय. साहेब तिथंच उभे व्हते. गाळ कामून वाढला ते त्यांना कळत व्हतं, म्या सोता सांगितलं व्हतं, पन तो मानूस मोबाइलात पाहत ऱ्हायला. दुसऱ्या दिवशी कागद आला. कामात हयगय, ही शेवटची ताकीद, खाली सही करा. म्हनलं नाय करनार. शफीकभाईनं बाजूला घेतलं, कर देव बाई, नै तो गेट पास जाता, घर में बच्ची पढ रई ना तुमारी. पोरगी नर्सिंगला व्हती, खोटं कशाला बोलू, भ्याले मी. केली सही. माझ्या हातानं, शाळेत गिरवलेल्या अक्षरात, मी कामचोर हाय याच्यावर सही केली. अंगठा असता तर इतकं लागलं नसतं.

मंग मात्र माझं डोकं सनकलं. शफीकभाईला म्हनलं, त्या दिवशीसारखे दोन जार लावा, जे माप लिवून दिलंय तेच, एकात पावडर, एकात हिराकस आन चुना. भ्याला तो, पन लावले. म्या ते धुतले नाय. आज नाय, उद्या नाय, टेबलावर तसेच. तिसऱ्या दिवशी मोठे साहेब फेरीला आले, गाळाच्या गाडीचं बिल पाहून तापूनच आले व्हते, पोती बाहेर कामून पडलीत म्हनले. ठेकेदार म्हनला, बाई काम करत नाय. मी दोन्ही हातात दोन जार घेतले आन मोठ्या साहेबासमोर धरले. म्हनलं साहेब, पानी तेवढंच, घान तेवढीच, आता तुमीच सांगा याच्यात कामचोर कोन? साहेबानं काचेला बोटं लावून मोजलं, एकदा इकडं, एकदा तिकडं. मंग आमच्या साहेबाला इचारलं, चुना, गाळ, गाडी धरून हिसाब कुठाय? नव्हताच तो. नुसता पोत्याचा भाव लिवलेला. म्हैन्याभरात पिवळी पावडर परत आली, बेड वाळायला लागले आन मी येळेवर घरी जायला लागले.

आन पुढं ऐका. बोर्डावर फोटो लागला, गाळ कमी करून कंपनीची बचत केली म्हनून. कोनाचा? त्याच साहेबाचा, हातात गुच्छ! लागू द्या. मला फोटो नको, बक्षीस नको. म्या एकच म्हनलं, तो माझ्या सहीचा कागद फाडा. ठेकेदार म्हनतो कंपनीकडं गेला, कंपनी म्हनते फायलीला लागलेला कागद काढता येत नाय, नियम हाय. औषध चुकलं ते मान्य, गाळ वाढला ते मान्य, मंग बाई कामचोर हाय एवढंच खरं ऱ्हायलं का? चार पाच चकरा मारल्या ऑफिसात, एकानं तर सरळ सांगितलं, मावशी, तो कागद वाचतंय कोन. म्हनलं मी वाचते. मला येतंय वाचता.

गेल्या म्हैन्यात साहेबाला पुन्याला नोकरी लागली. औरंगपुऱ्यातून पेढे आनले, वाटत वाटत माझ्याकडं बेडवर आले, मी गाळ खरडत व्हते. मावशी आशीर्वाद द्या म्हनले आन खरंच वाकले, माझ्या पायाला गाळ लागलेला, तरी हात लावला त्यांनी. वाईट पोरगं नाय ते, त्याचंच जास्त दुखतं. माझाबी हात उठला व्हता, लेकरू वाकलं की हात आपसूक उठतो. पन म्या तो थांबवला. म्हनलं साहेब, जायच्या आधी त्या फायलीत एक ओळ लिवा, बाईची चूक नव्हती, माझी व्हती, आन खाली सही करा, म्या केली तशी. साहेब उठून उभे ऱ्हायले. म्हनले मावशी, तसं लिवलं तर माझ्या नव्या नोकरीत वांधे होतील. पेढा माझ्या हातावर ठेवला आन गेले.

देव त्यांचं भलं करो, मोठ्या हुद्द्यावर जावोत, घरादारात बरकत येवो, मी कोनाचं वाईट चिंतत नाय. पन डोक्यावर हात नाय ठेवला म्या. तुमीच सांगा ताई, एका ओळीनं त्यांच्या नोकरीला डाग लागतो, मंग माझ्या अकरा वर्षांना लागला नाय का?