मारामारीचा रकाना

नाही, पण मला सांगा, अपघाताच्या फॉर्मवर मारामारीला रकाना का नसावा? यंत्रातला दोष, हवामान, वैमानिकाची चूक... संपलं! मी त्या तपासनीसाला म्हटलं, "साहेब, खाली एक रेघ ओढा आणि लिहा, भावाची चूक." तर तो चष्म्यावरून बघत म्हणतो, "तसा रकाना नाही." रकाना नाही! माझा हात प्लास्टरमध्ये होता, नाहीतर त्याच्या टेबलावरच पाडला असता रकाना!

आता तुम्हाला सांगतो, माझ्या दादानं घरामागच्या शेडमध्ये चार वर्षं खपून विमान बनवलं. लाकूड, कापड, ॲल्युमिनियमचे पाइप आणि एक माणूस कसाबसा मावेल अशी उघडी बैठक. वर जायचं झोकात! पण उतरायचं म्हटलं की... पहिल्यांदा डावं चाक निखळून पुढे पळालं ते थेट वेल्डरच्या दुकानात घुसलं आणि त्याची पोटरी फोडली. दुसऱ्यांदा विमान नाकावर उभं, पुढच्या पंख्याच्या चिरफळ्या, दादा पट्ट्याला उलटा लटकलेला, तोंडातून रक्त, आणि मला म्हणतो, "छोट्या, वहिनीला सांग, उतरलो." उतरलो म्हणे!

मग आम्ही नियमच केला. मी मैदानाच्या टोकाला वहिनीच्या जुन्या पडद्याचं लाल कापड उंच धरून उभं राहायचं, म्हणजे त्याला वारा कुठून येतोय ते कळणार. कापड दिसलं तर उतरायचं, नाही दिसलं तर वरच घिरट्या घालायच्या. कापड धरायचं, बस. एवढंच काम होतं हो मला!

आणि त्या दिवशी तो वेल्डर आला, लंगडत, दोन कामगार घेऊन. "काय रे, आज कसा उतरणार भाऊ? पोत्यात भरून?" झालं! कापड खाली आणि माझी मूठ त्याच्या जबड्यावर. कट्ट! दात गेला, मी स्वतः ऐकला. मग त्याच्या माणसानं पाना हाणला माझ्या मनगटावर, दुसऱ्यानं पाठीत लाथ, मी वेल्डरचं तोंड मातीत रगडतोय, तो माझा कान चावतोय... आणि डोक्यावर विमान! कापड कुठे? माझ्या गुडघ्याखाली! एवढंच काम होतं हो मला!

आला तो, वारा पाठीवर घेऊन. चाकं टेकली, उसळला, परत टेकली, पंख मातीत रुतला आणि विमान गरकन फिरून उलटं. लाकूड मोडल्याचा आवाज झाला. सगळं लाकूड नव्हतं ते...

परवा तपासनीसाकडे साक्षीला कोण? तोच वेल्डर! एकाच बाकावर आम्ही, त्याचा जबडा बांधलेला, माझा हात. वहिनी मध्ये बसली म्हणून, नाहीतर त्याचा दुसरा दात गेलाच होता. मी म्हटलं, "साहेब, मी कापड धरलं नाही म्हणून तो गेला." साहेब म्हणतात, "कापड नसेल तर वरच राहायचं, हा नियम तुमचाच ना? टाकी अर्धी भरलेली होती. मग ते उतरलेच का?"

तर हा वेल्डर, त्या फडक्यातून, शब्द धड फुटत नाहीत, म्हणतो, "ह्याच्यासाठी उतरला. इंजिन मंद करून सरळ आमच्या अंगावर आला. वरून बोंबलत होता, 'सोडा रे त्याला! लहान आहे तो!'"

लहान! तेवीस वर्षांचा घोडा मी! वहिनीनं नुसता माझ्या प्लास्टरवर हात ठेवला. साहेबांनी पेन पुढे केलं. "वैमानिकाची चूक. मान्य?"

केली सही, डाव्या हातानं. चूकच ती, धडधडीत! एवढ्या धुरळ्यात त्याला वरून काय दिसणार? वेल्डर खाली होता हो, मी वर होतो... जिंकत होतो मी!