पंखाच्या टोकावरचा साप

हं हं, हात नका लावू! वाळकं पान नाहीये ते. नीट बघा, जवळ या, फक्त फुंकर मारू नका. दिसलं? पानाचं देठ फांदीला रेशमानं बांधून टाकलंय, म्हणजे पान सुकलं तरी गळायला नको. कोष आहे तो. जगातल्या सगळ्यात मोठ्या पतंगांमधला एक आत निजलाय आणि तुम्ही चुरगळून टाकणार होतात. तुमची चूक नाही हो, सगळेच फसतात. बसा त्या स्टुलावर. घाम येणारच, काचघर आहे हे, झाडांना ऊब लागते. मी सत्तावीस वर्षं या वाफेत उकडतेय, आता बाहेर गेले की मलाच हुडहुडी भरते. आणि तो फोटो ठेवा खिशात, ओला होईल. तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हाच ओळखलं मी — तीच हनुवटी, तीच भुवई. दादांचे धाकटे भाऊ ना? माझ्या बहिणीच्या लग्नात आईचं बोट धरून रडत होतात, बूट चावतात म्हणून. आता बघा, बाप्या झालात.

दादा कुठे गेले म्हणून विचारताय. आले होते ना. आले, बघितलं, गेले. चौकशीला माणूस आला होता, त्यालाही मी हेच सांगितलं, त्यानं लिहून घेतलं, सही घेतली, जाताना मुलीसाठी एक रिकामा कोष मागून घेतला. पाच महिने झाले त्याला. तुम्हाला बसच्या कंडक्टरनं सांगितलं का ते बागेच्या थांब्यावर उतरले म्हणून? बरोबर सांगितलं. बाग सगळ्यांची आहे, कुणीही उतरतं.

काय? वहिनी? माझी धाकटी बहीण? नाही, धाकटी इथे नाही. म्हणजे — होती. खोटं कशाला बोलू, तुम्ही चांगले वाटता, नजर खाली ठेवून बोलता, दादांसारखं नाही. ती आली होती माझ्याकडे, एक पिशवी घेऊन, भर दुपारी, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तुम्ही त्याच घरात वाढलात. तुमचे दादा शाळेत खेळ शिकवायचे, गळ्यात शिट्टी — शाळेत ठीक आहे हो, पण घरी? घरी येऊनसुद्धा ती गळ्यातच. एक शिट्टी म्हणजे पाणी. दोन म्हणजे समोर येऊन उभी राहा. तीन म्हणजे काय ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही तिच्या पाठीकडे बघून विचारायचं सोडून दिलं. तुम्हाला माहीत होतं? नका सांगू. मान हलवू नका, राहू द्या.

तर मग तिला लपवायची कुठे? माझी खोली एवढीशी, सगळ्या नात्यागोत्याला पत्ता ठाऊक. मी म्हटलं, खोलीत कोंडून नाही ठेवायची. सत्तावीस वर्षं मी दुसरं काय शिकलेय? ती भिंतीवरची चौकट बघा. तो राखाडी पतंग — पंख पसरून वीत आणि वर चार बोटं भरतो. फार लांबच्या जंगलातला आहे, मेलेलाच आणला होता. अंगावर नुसत्या नागमोडी रेघा, झाडाच्या सालीसारख्या. मी तो चौकटीतून काढला, त्या जुन्या झाडाच्या खोडावर टेकवला आणि धाकटीला म्हटलं, शोध. दहा मिनिटं शोधत होती. नाक लागेल इतक्या जवळ गेली आणि म्हणाली, "ताई, इथे काहीच नाहीये." मी म्हटलं, "असंच व्हायचंय तुला." तिचे केस मी पानं छाटायच्या कात्रीनं कापले. बागेचा हिरवा डगला, टोपी, फवारणीचा मुखपट्टा. मान खाली, हात कामात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणी बघतंय असं वाटलं तर थिजायचं, पळायचं नाही. पळणाऱ्यावर डोळा पडतो, उभ्या असलेल्यावर पडत नाही. महिनाभरात पोरगी अशी तयार झाली — बागेचे साहेब स्वतः मला म्हणाले, अहो, तुम्हाला मदतीला कुणी बाई देऊ का? आणि ती त्यांच्या कोपराशी उभी होती, पानांची पाटी घेऊन!

दादा पहिल्यांदा आले ना, तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं, "ए बाई, इथली मुख्य बाई कुठे बसते?" तिलाच! अकरा वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला. तिनं हात लांब करून माझी खोली दाखवली. ते माझ्याशी गोड गोड बोलले, अमुक झालं, तमुक झालं, रागाच्या भरात निघून गेली हो, आणि गेले. आम्ही दोघी त्या संध्याकाळी पोट दुखेपर्यंत हसलो. हसायला नको होतं. कारण ते परत आले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, बाहेर त्या समोरच्या बाकावर बसून राहायचे, दाराकडे बघत. त्यांना वास लागला होता. धाकटी म्हणाली, "ताई, मी जाते त्यांच्याबरोबर, तुला त्रास नको." त्रास! मी म्हटलं, "तोंडातून ब्र काढलास तर बघ."

चौथ्या दिवशी आले ते आत. अकरा-साडेअकरा झाले असतील, शाळांच्या सहली नव्हत्या, काचघरात आम्ही तिघंच. इकडेतिकडे बघितलं, कुणाशी बोलले नाहीत. मधोमध उभे राहिले, शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. दोनदा.

आणि ती वळली.

काय करणार? ती नाही वळली हो, तिची मान वळली. महिनाभर शिकवलेलं एका फुंकरीनं गेलं. पाटी हातातून पडली, हात दोन्ही बाजूंना सरळ, शाळेतल्या मुलांसारखे. ते हसले. मुखपट्टा, टोपी, डगला, सगळ्यातून ओळखलं त्यांनी. मी ओरडले, "मागच्या दारानं पळ!" आणि ती पळाली.

मागचं दार म्हणजे ते, केळीच्या पलीकडचं. आता तिथे लिंबाचा वाफा आहे ना, तिथे तेव्हा जुन्या बॉयलरचा खड्डा होता, दोन पुरुष खोल, वर फळ्या. डावीकडच्या तीन फळ्या धड, उजवीकडच्या कुजलेल्या. धाकटीला ठाऊक होतं, ती डावीकडून गेली. दादा तिच्या मागे. आणि दाराच्या चौकटीवर, डाव्या बाजूला बसली होती ह्याच कोषाच्या जातीची मादी, त्याच सकाळी कोषातून निघालेली, ताटाएवढी, पंख अजून ओलसर. ह्यांच्या पंखाचं टोक बघितलंय का तुम्ही? वर वाकलेलं असतं, त्यावर डोळा, त्याखाली तोंडाची रेघ, हुबेहूब सापाचं डोकं. आणि धक्का लागला की ती उडत नाही, खाली पडते आणि पंख संथ वळवळवते, साप मान हलवतो तशी. ती पडली दादांच्या दंडावर. तुम्हाला तर माहीतच आहे दादा सापाला किती भ्यायचे ते. लहानपणी विहिरीवर काय झालं होतं ते धाकटीनं मला सांगितलेलं, म्हणून तर मी ती तिथे लाव — म्हणजे, बसली होती ती तिथे. बसतात कुठेही. दादा उजवीकडे उडाले. झालं.

तशी तिथे खुर्ची असायची. लाल फडकं बांधलेली, कुजक्या फळ्यांवर कुणी जाऊ नये म्हणून. त्या सकाळी नव्हती. धुवायला काढली होती. कोण विचारतंय मला, खुर्ची कुणी धुतं का म्हणून? तुम्ही विचारताय का? नाही ना? मग.

उभे का राहिलात? बसा. मघाशी मी म्हणाले, ते निघून गेले; हो, म्हणाले. ऐकायला आलात ना? पाच महिने मी हे कुणाशी बोललेले नाही. ह्या पतंगाला तोंड नसतं, माहीत आहे? एवढा मोठा जीव आणि खायला तोंडच नाही, अळी असताना खाल्लेल्यावर आठवडाभर जगायचं, अंडी घालायची, संपलं. मला मेलं तोंड आहे. ते गप्प बसत नाही.

मेले नव्हते. पडल्या पडल्या मेले असते तर मी धावत जाऊन सांगितलं असतं साहेबांना, शपथेवर सांगते, अपघात झाला म्हणून. पण खालून आवाज आला. पाय मोडला, शिडी आण, असं काहीतरी. शिडी इथेच होती, ह्या भिंतीला. मी शिडीपर्यंत गेलेसुद्धा. हात लावला. आणि मग खालून माझ्या बहिणीचं नाव घेऊन ते जे बोलायला लागले, बाहेर आल्यावर काय काय करीन ते, एकेक, सावकाश. मी हात काढून घेतला. पुढच्या दाराला पाटी लावली, "औषध फवारणी चालू आहे, प्रवेश बंद." आणि ह्याच स्टुलावर बसले. थोड्या वेळानं बोलणं थांबलं आणि शिट्टी सुरू झाली. एक. मग थोडं थांबून परत एक. एक म्हणजे पाणी, सांगितलं ना मी. हातभर अंतरावर नळ. मी बसून राहिले. हललेसुद्धा नाही. तीन वाजेपर्यंत. मग शिट्टी थांबली.

खड्डा बुजवायचा अर्ज दोन वर्षं पडून होता, मंजुरी त्याच आठवड्यात आलेली — हे मात्र मी जुळवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन ट्रक माती येणारच होती. मी आधी छाटलेल्या फांद्या टाकल्या, पालापाचोळ्याची पोती टाकली. माणसं आली, फळ्या काढल्या, माती लोटली, तासाभरात काम झालं. वर लिंबं लावली. ह्या अळ्यांना लिंबाची पानं आवडतात. तुम्ही मघाशी हात लावत होतात तो कोष तिथल्याच पानावरचा आहे.

आता पांढरे पडू नका. तुमचे दादा होते, मला कळतं. बोट धरून फिरवलं असेल, सायकल शिकवली असेल. वाईट माणसंही सायकल शिकवतात. तुम्हाला जायचं तिथे जा, सांगायचं त्याला सांगा, मी कुठे पळणार आहे? माझं वय आहे का पळायचं? पण त्याआधी एक काम करा माझं. पाया पडते तुमच्या.

धाकटी इथेच आहे. होय, इथेच. त्या दिवशी संध्याकाळी मागच्या दारानं परत आली, "गेले का?" म्हणाली. मी म्हटलं, "गेले." काय सांगणार होते? तिला खरं सांगितलं तर ती आयुष्यभर माझ्या तोंडाकडे बघायची नाही, किंवा स्वतःच जाऊन सगळं अंगावर घेईल. म्हटलं, कळेल हळूहळू, येत नाहीत ते, सुटेल भीती. सुटली नाही. वाढली. टोपी उतरवत नाही, झोपतानासुद्धा. दाराबाहेर पाऊल नाही. बाहेर कुणा पोरानं शिट्टी मारली की झाडाला चिकटून उभी राहते, अर्धा अर्धा तास. काल मी हाक मारत मारत तिच्या अंगावरून पुढे गेले, दिसलीच नाही मला. मी तिला वाचवायला निघाले होते हो. आणि ती रोज ज्याची वाट बघत थिजते ना, तो वीस पावलांवर — म्हणून म्हणते, तुम्ही सांगा तिला. तुम्ही घरचे. म्हणा, वहिनी, दादा गेले, मी स्वतः पाहिलं. ताप आला म्हणा, बस उलटली म्हणा, काहीही. तुमच्या तोंडून आलं तर विश्वास बसेल तिचा. एवढं बोला आणि मग खुशाल जा, घेऊन या ज्याला आणायचं त्याला, मी इथेच बसलेय, ह्याच स्टु—

असे माझ्या मागे काय बघताय?

...अगं.

अगं, कधीपासून उभी आहेस तू? मला वाटलं तू पलीकडे, नर्सरीत... किती ऐकलंस? धाकटे, बोल ना. तो तोंडाचा पट्टा काढ आधी, रडतेयस का हसतेयस, काही कळत नाहीये मला. धाकटे?

तुम्ही जा हो. जा म्हणते ना! दार ओढून घ्या.