सरांच्या त्रैमासिकाची नोंद

मी नेटवरच्या ज्ञानकोशात संशोधन-पत्रिकांच्या नोंदी लिहितो, हे आमच्या कॉलेजच्या बिराजदार सरांना कळलं, तिथंच माझं चुकलं बघा. सर रिटायर झाल्यापासून देवणीतून स्वतःचं त्रैमासिक काढतात. त्याचीही नोंद पाहिजे म्हणाले, म्हणून मी लिहून नेली. सरांनी चष्मा पुसून वाचली.

"अरे, यात 'सुप्रसिद्ध' कुठं हाय?"

"सर, तिथं आपलं कौतुक चालत न्हाई. बाहेरच्या कुणीतरी तुमच्याबद्दल छापलेलं लागतं. नसलं तर नोंदच उडवतात."

दुसऱ्या दिवशी सर पिशवीभर अभिप्राय घेऊन हजर. सगळे संपादक मंडळाचे! दोन तर खुद्द व्याह्यांचे.

शेवटी लई शोधून मला नांदेडच्या एका प्राध्यापकाचा छापील लेख सापडला. त्यात लिहिलं होतं, 'हे त्रैमासिक वर्षातून एकदाच निघतं.' मी भीत भीत विचारलं, "सर, हेच एक हाय. टाकू का?"

सरांनी चष्मा पुसून ती ओळ वाचली. मग म्हणाले, "माणूस बाहेरचा हाय ना? टाक."

नोंद टिकली. परवा सरांची निमंत्रणपत्रिका आली. त्या नांदेडच्या प्राध्यापकाचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार हाय, आणि नावाखाली ठळक छापलंय, 'आमचे सुप्रसिद्ध टीकाकार'.