भावजींची शिडाची नाव

विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीची गोष्ट हाय. आमचे धाकटे भावजी आरमारात होते. त्यांच्या साहेबांनी सरावाला आमच्या गावाजवळच्या येलदरीच्या धरणावर शर्यतीच्या दोन शिडाच्या नावा आणल्या, हलक्या अन् लय पळणाऱ्या. "साहेबाला हरवतो," असं भावजी गावभर सांगून बसले, अन् ऐन दिवशी त्यांचा जोडीदार तापानं पडला.

मला म्हणाले, "वैनी, तुमी चला. नाव कलली की उचललेल्या बाजूला सरकायचं, एवढंच शिका."

तेवढं मी शिकले. पण अर्ध्या पाण्यात वारंच पडलं. दोन्ही नावा डोहातल्या म्हशीवाणी उभ्या. काठावरच्या खळ्यात मात्र बाया सुपानं ज्वारी उपणायल्या होत्या, अन् भुसा चांगला लांब उडत होता.

म्हटलं, "भावजी, वारं तिकडं हाय. काठानं घ्या."

"वैनी, हे शेत न्हाई."

"मग बसा इथंच."

होती नव्हती तेवढ्या झुळकीवर त्यांनी नाव काठाकडं वळवली. शीड भरलं अन् आमी साहेबाच्या पुढं निघालो ते पुढंच राहिलो.

साहेबांनी विचारलं, "वारा कसा हेरलास रे?"

भावजी म्हणाले, "सवय हाय, साहेब."

दुसऱ्या दिवशी आमच्या खळ्यावर त्यांच्या हातात सूप दिलं अन् म्हटलं, "वारं तुमालाच कळतं, भावजी. उपणा. आमी बाया बसतो जरा सावलीला."