कायमची प्रत, शुक्रवारपर्यंत

...नाही, तुम्ही हसा, तुमचं काय जातंय! पण शुक्रवारी दुपारी बारा वाजता माझी नोकरी जाणार होती, आणि ते जगात एकट्या मला ठाऊक होतं! बायकोला सांगावं तर ती म्हणणार, "तुमच्या हातून एक काम धड होईल तर शपथ!"

काम काय, तर आमचं प्रकाशन मोबाइलवर पुस्तकं विकतं आणि किमतीचे पर्याय मी लावतो. नमुना फुकट, भाड्याने सात दिवस, नाहीतर कायमची. वर प्रत्येक प्रतीला कुलूप, एकाने घ्यायची आणि शंभरांना वाटायची असं नको म्हणून. माझ्या आधीचा माणूस एकदा कुलूप लावायला विसरला. पुस्तक फुकटात सगळीकडे फिरलं, आणि तो माणूस... त्याची खुर्ची आहे अजून. तिच्यावर मी बसतो! म्हणून मी दहादा तपासतो. आणि दहादा तपासूनच, ऐका हं, नव्या रहस्यकथेला 'सात दिवसांनी बंद' ही खूण मी 'भाड्याने'ऐवजी 'कायमची'च्या रकान्यात केली! आगाऊ पैसे मोजून कायमची घेतलेल्या आणि आदल्या शुक्रवारी बाराला एकदमच पाठवलेल्या त्रेचाळीस प्रती बंद. कधी? शुक्रवारी, दुपारी बारा!

"मग बदल की ती खूण!" अहो, विकलेल्या प्रतीचं कुलूप बदलत नाही, आणि नवी प्रत द्यायला मालकांची मंजुरी लागते. मालक नुसतं "या" म्हणाले तरी मी पळायला दार शोधतो!

मग विचार केला, रहस्यकथाच ना? खुनी कळला की पुन्हा उघडतंय कोण? तेव्हा बारा वाजायच्या आत सगळ्यांचं वाचून संपवायचं! त्रेचाळीस जणांना फोन. "नमस्कार, प्रकाशनातून बोलतोय, कितव्या पानावर आहात?" "तुम्हाला काय करायचंय?" "काही नाही, जरा भरभर वाचाल का..." एक बाई म्हणाल्या, "पहिल्यांदाच कुणी चौकशी केली हो माझी!" आणि तासभर गुडघ्यांबद्दल बोलल्या. माझा डोळा घड्याळावर. शुक्रवार, दुपारी बारा!

बेचाळीस जणांचं वाचून झालं. उरले एक निवृत्त मुख्याध्यापक. "घाई कसली? हिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, मी वाचून दाखवतो. रोज चार पानं."

"सर, राहिली किती?"

"साठ."

साठ! शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सकाळीच त्यांच्या दारात उभा. "सर, आज मी वाचू का?" वाचतोय, घाम पुसतोय, आणि सर, "थांबा! तिथे स्वल्पविराम होता." पलंगावरून बाई, डोळ्यांवर पट्टी, "अहो, तो जिन्यावरचा भाग पुन्हा वाचा ना, छान होता." पुन्हा? अकरा पन्नास झाले होते हो! शेवटी शेवटी मी वाचत नव्हतो, पळत होतो. एक मिनिट उरलं आणि खुनी सापडला! बाईंनी चाचपडत माझा हात धरला. "किती जीव ओतून वाचलंत!" मला रडूच आलं. त्या म्हाताऱ्या माणसांना मी फसवत होतो ना.

ऑफिसात पोचतो तो निरोप, मालकांनी बोलावलंय!

"हे काय आहे?" मालकांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस जणांनी पुस्तक संपवलं! आपलं पुस्तक इतक्या जणांनी शेवटपर्यंत कधी वाचलंय? काय केलंत तुम्ही?"

घाबरलेला माणूस काय थाप मारणार? सगळं ओकलो. खूण, कुलूप, फोन, स्वल्पविराम. मी मनातल्या मनात टेबल आवरायला घेतलं...

"आधी सगळ्यांना नवी प्रत द्या," मालक म्हणाले. "आणि सोमवारपासून चौथा पर्याय लावा. सात दिवसांत बंद होणारी, पण पाठीस लागून वाचून घेतली जाणारी. किंमत, कायमचीच्या दीडपट."

"आणि साहेब, पाठीस कोण लागणार?"

"ते मोफत."

तर नोकरी राहिली, तुम्हाला सांगतो. फक्त आता किमतींच्या यादीत मीही आहे... 'मोफत' म्हणून.